उघड्यावर बसून निसर्ग रेखाटताना : साहित्य, चुका आणि वहीत साठणाऱ्या आठवणी (अनुभव धागा)

धागाकर्ती

शेताच्या कडेला, माळावर, ओढ्याकाठी, टेकडीच्या उतारावर बसून समोरचं वहीत उतरवणाऱ्यांसाठी हा धागा. असं जागेवर काढलेलं रेखाटन खूप वर्षांनी उघडलं, तरी त्या दिवसाचं ऊन, वाऱ्याची दिशा, बसलेल्या दगडाचा चटका असं सगळं परत येतं. पण प्रत्येक पानातून येत नाही. काही पानं अगदी नीटस असूनही मुकी राहतात. माझं मत असं की बोलणाऱ्या पानांत उजेड एका वेळेला बांधलेला असतो आणि काय सोडून द्यायचं हेही बसल्या जागी ठरलेलं असतं. ते कसं साधायचं, यावर लिहा. 'सराव करा, निरीक्षण वाढवा' एवढ्याने कुणाचंच काम होत नाही. कागद किती जाडीचा, वेळ किती, काय बिघडतं आणि का, असं लिहा.

उजेडापासून मीच सुरुवात करते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण सावल्यांवर त्याचा परिणाम काय होतो बघा. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकीच असते. ३० अंशांवर ती पावणेदोन पट, २० अंशांवर पावणेतीन पट आणि १० अंशांवर साडेपाच पटींहून जास्त होते. म्हणजे दहा मीटर उंचीच्या झाडाची २७ मीटरची सावली संध्याकाळी तासाभराच्या आत-बाहेर ५७ मीटरवर जाते. तुम्ही निवांत पानं रंगवत बसलात, तर ज्या सावलीवर चित्राची मांडणी उभी केली तीच हातातून जाते.

म्हणून पहिल्या पाच मिनिटांत सावल्यांच्या कडा हलक्या रेषेने बांधून घ्यायच्या. फक्त कडा, आत काही भरायचं नाही. एकदा बांधल्या की समोर काहीही बदललं तरी त्यांना हात लावायचा नाही. सर्रास होणारी चूक म्हणजे डावीकडचं झाड नऊच्या उन्हात आणि उजवीकडचं साडेदहाच्या उन्हात. एकेक झाड वेगळं बघितलं तर दोन्ही बरोबर असतात, पण एका पानावर दोन सूर्य होतात. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, काहीतरी खटकतं एवढंच.

फ्रेंच चित्रकार पिएर-आँरी द व्हालाँसिएन याने १८०० सालीच लिहून ठेवलं आहे की उघड्यावरचा अभ्यास दोन तासांवर नेऊ नये, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्ध्या तासात उठावं. यात आजही काही बदलावं लागत नाही. ढगाळ दिवस मात्र वेगळा. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या पुसट असतात, दोन-तीन तास बसता येतं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी असेच दिवस निवडावेत. भर दुपार टाळा. सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात आणि टेकड्या पुठ्ठ्यासारख्या सपाट दिसायला लागतात.

शिसपेन्सिल

पेन्सिलवाल्यांची बाजू मांडतो. एचबी, २बी आणि ४बी, या तिघींवर काम भागतं. ६बी मऊ असते, पण गडद भागाला चकाकी येते आणि तिरप्या उजेडात तोच भाग फिका दिसतो. टोक काढताना शार्पनरऐवजी कटर वापरा आणि शिसं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मोकळं ठेवा. असं लांब शिसं आडवं धरलं की एका ओढीत बोटभर रुंद टोन (उजळ-गडदपणाची छटा) बसतो. शार्पनरच्या आखूड टोकाने तोच टोन द्यायला वीस रेषा माराव्या लागतात आणि तेवढ्यात ढग येऊन जातो.

वही ए५ (ए४च्या निम्म्या) आकाराची, जाड पुठ्ठ्याची, कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्याहून पातळ कागदावर मागचं चित्र पुढे डोकावतं. दोन बायंडर क्लिपा हव्यातच. वाऱ्याने पान फडफडलं की हात आपोआप वही घट्ट पकडतो आणि रेषा आखडते. हा दोष मनगटाचा वाटतो, असतो पानाचा.

दृश्य निवडायला पुठ्ठ्यात ५ बाय ७ सेंटिमीटरची खिडकी कापून ठेवा. ए५ पानाची लांबी-रुंदी याच प्रमाणात असते, त्यामुळे खिडकीत दिसलेली मांडणी पानावर तशीच बसते. नुसत्या डोळ्याने आपण फार पसरट बघतो आणि सगळंच पानात कोंबायला जातो. परिणाम ठरलेला : वर बोटभर आकाश, खाली बोटभर जमीन, मध्ये मुंग्यांएवढी झाडं.

खिडकीतून ठरलं की वहीच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढा चौकोन काढायचा आणि डोळे बारीक करून फक्त तीन टोन भरायचे : कागदाचा पांढरा, मधला आणि गडद. दोन-तीन मिनिटं पुरतात. डोळे बारीक केले की पानं, गवत, दगड हे सगळे तपशील विरघळतात आणि मोठे आकार उरतात. या छोट्या चौकोनात गडद भाग तीन-चार ठिकाणी सुटेसुटे विखुरलेले दिसले तर जागा बदला किंवा दोन गडद आकार एकमेकांना जोडून घ्या. मोठ्या पानावर गेल्यावर ते दुरुस्त होत नाहीत.

मापं घेताना हात कोपरात पूर्ण ताठ आणि एक डोळा बंद. पेन्सिलीवर अंगठ्याने झाडाची उंची पकडायची आणि तेच माप कुंपणावर, टेकडीवर आडवं लावून बघायचं. कोपर थोडं जरी वाकलं तरी माप बदलतं. 'मोजूनसुद्धा चुकलं' अशी तक्रार असते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. तरी चूक होते, कारण जागा बघतो उभं राहून आणि काढतो बसून. सपाट जमिनीवर उभं राहून बघितलं तर लांबची-जवळची सगळी उभी माणसं डोळ्यांपाशी क्षितिजाला टेकतात. बुटक्या स्टुलावर बसलात की तीच रेषा त्यांच्या कमरेच्या जरा वरून जाते. तेव्हा मांडणी ठरवायची ती बसल्यावरच.

दगडधोंडे

वरच्या प्रतिसादाला एक भर. खोडरबर घरी ठेवा. पहिली चुकलेली रेषा तशीच राहू द्या आणि शेजारी बरोबर रेषा जोरकस काढा. दोन रेषांत बघणाऱ्याचा डोळा बरोबर रेषाच निवडतो. खोडलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात, पुढे त्यावर वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) दिला की तिथेच डाग धरतो.

शिसपेन्सिल

साध्या रबराबद्दल मान्य. पण कणकेसारखं मऊ नीडेबल रबर जवळ असावं. ते घासायचं नाही, टोक काढून दाबायचं आणि उचलायचं. गडद केलेल्या झाडीतून एखादी उन्हातली फांदी उघडी करायला दुसरं साधन नाही.

ओला कागद

जलरंगांवर जरा सविस्तर लिहिते. सगळ्यात जास्त पानं इथेच वाया जातात आणि जवळपास प्रत्येक बिघाडाला सांगता येईल असं कारण असतं.

कागद ३०० जीएसएमचा, मध्यम खरखरीत. त्याखालचा कागद पाणी पडलं की फुगून लाटा धरतो आणि रंग त्या खळग्यांत साठतो. २०० जीएसएमवर काम करायचंच असेल तर चारही कडांना मास्किंग टेप लावा आणि एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच ओला करा. ब्रश दोन : १० किंवा १२ नंबरचा राउंड, टोक नीट जुळणारा, आणि ४ नंबरचा. छोट्या ब्रशने सुरुवात केली की चित्राचे तुकडे होतात. आकाश १० नंबरने भरायचं आणि मधे थांबायचं नाही.

रंग सहा पुरतात : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, एक थंड निळा आणि एक गुलाबीकडे झुकणारा लाल. लाल घेताना ट्यूबवरचा कोड वाचा. पीआर ८३ म्हणजे मूळचा अलिझारिन क्रिमसन, तो उजेडात उडतो. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या. आठवण म्हणून जपायच्या वहीत उडणारा रंग नको, कारण संध्याकाळच्या आकाशातला गुलाबी गेला की उरलेलं निळं आकाश दुसऱ्याच वेळेचं वाटतं.

काळा रंग बरोबर नेऊ नये. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून इतका खोल करडा होतो की काळ्याची गरज पडत नाही. निळा जास्त घातला तर सावली थंड, सिएना जास्त घातला तर उबदार. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात. त्या कणीदार पोतामुळे दगड, वाळकी माती, जुनी भिंत फुकटात साधते.

आता वॉश. बोर्ड किंवा वही साधारण १५ अंश कलती ठेवा, मागच्या बाजूखाली पाकीट सरकवलं की होतं. ब्रश भरपूर भरून वरून आडवी ओढ घ्या, खालच्या कडेला पाण्याचा टपोरा पट्टा जमेल. पुढची ओढ त्या पट्ट्याला स्पर्श करून. पट्टा तुटला की तिथे रेघ पडते.

ओलेपणा तीन टप्प्यांचा असतो, तो ओळखता आला तर निम्मी लढाई जिंकली. कागद तिरप्या उजेडात आरशासारखा चमकतोय, तोवर दुसरा रंग सोडता येतो, तो मऊ पसरतो. चमक जाऊन मंद ओलसर दिसतोय, तेव्हा हात आवरा. या वेळी ब्रशमधून पाणी गेलं की ते कडेला रंग ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उठतो. पूर्ण कोरडा झाल्यावर पुढचा थर. कोरडा झाला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. थंड लागला तर आत अजून पाणी आहे. बोटाचं पेर टेकवू नका, त्वचेचा तेलकटपणा कागदावर उतरतो आणि तिथे रंग धरत नाही.

कोरड्या वाऱ्यात मधला टप्पा क्षणात निघून जातो आणि सगळ्या कडा कडक होतात. अशा दिवशी कागदाची मागची बाजूही ओली करून तो प्लॅस्टिकच्या बोर्डावर चिकटवा, पानाला दहा-पंधरा मिनिटं जास्तीची मिळतात. दमट हवेत उलट होतं, थर वाळतच नाही. तेव्हा दोन पानं एकदम सुरू करा, एकावर आकाश, दुसऱ्यावर टेकडी, आलटूनपालटून.

आणखी एक. रंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना बरोबर वाटला तर वाळल्यावर कमी पडणार. एक पायरी गडद लावायची हिंमत पहिल्या थरातच करावी. थरावर थर चढवून गडद करायला गेलं की चौथ्या थरापासून मळकट व्हायला लागतं.

नवखी

उन्हात बसून नीट जमलेलं चित्र घरी आणल्यावर अगदी काळोखं दिसतं. रंग तर तेच. असं का होतं?

ओला कागद

कागदावर थेट ऊन पडत असणार. उन्हात पांढरा कागद इतका झळाळतो की त्यावरचा प्रत्येक रंग फिका भासतो, मग आपण गडद लावत जातो. घरातल्या उजेडात तो झळाळ नसतो, म्हणून चित्र काळोखं. कागद आणि रंगांची थाळी, दोन्ही सावलीत ठेवा. एक सावलीत आणि एक उन्हात असेल तरी हाच घोटाळा. छत्री घ्यायची तर पांढरी, करडी किंवा काळी. लाल किंवा निळ्या छत्रीखाली पान त्याच रंगात न्हाऊन निघतं आणि डोळा तो रंग नकळत वजा करत राहतो. रंगीत गॉगलही काढून ठेवा.

काळी शाई

पेनाने काढणाऱ्यांसाठी थोडक्यात. रेषेवर नंतर पाणी फिरवायचं असेल तर शाई जलरोधक हवी, आणि फाउंटन पेनात भरायची तर फाउंटन पेनासाठी केलेली पिगमेंट शाईच (रंगद्रव्याचे बारीक कण असलेली). लाखेची काळी इंडिया इंक पेनात भरली की आत वाळून बसते आणि पेन कायमचं जातं. ती बोरूला किंवा बुडवायच्या निबला ठीक. पिगमेंट शाईचं पेनसुद्धा पडून राहू देऊ नये. वापर थांबणार असेल तर साध्या पाण्याने धुऊन ठेवायचं.

फाइनलायनर (ठरावीक जाडीच्या बारीक टोकाची पेनं) असतील तर ०.५ जवळच्या वस्तूंना, ०.३ मधल्या अंतराला, ०.१ लांबच्या टेकड्यांना. सगळीकडे एकच जाडी वापरली की लांबची टेकडी पुढे येऊन झाडाला चिकटते. आणि लांबची रेषा सलग नको, जागोजागी तुटू द्या. उन्हात उजळलेल्या कडेला रेषा न काढणं हेसुद्धा रेखाटनच आहे.

वॉश देण्याआधी शाई दोन-चार मिनिटं वाळू द्या. पानाच्या कोपऱ्यात एक रेघ मारून ओल्या बोटाने पुसून बघा, म्हणजे चित्रावर प्रयोग होणार नाही.

पानोपान

झाडांवर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. निसर्गचित्रात सगळ्यात जास्त घाई झाडांची होते. खोड, वर गोल गुच्छ, झालं. असं झाड कुठलंही असू शकतं, म्हणजे कुठलंच नसतं. आणि आठवणीच्या दृष्टीने बघाल तर माणसाला जागा आठवते ती बहुतेक वेळा विशिष्ट झाडामुळे.

आधी बाहेरची आकृती बघा : उंची जास्त की पसारा जास्त. ते प्रमाण मोजून घ्या. मग खोड जमिनीपासून कितव्या हिश्शावर फुटतं ते. मग पहिल्या दोन-तीन मोठ्या फांद्यांचे कोन. एवढ्या तीन गोष्टी बरोबर आल्या की पानं न काढताही झाड ओळखू येतं.

लिओनार्दो दा व्हिंचीने नोंदवलेला एक नियम इथे उपयोगी पडतो : एका उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. नियम काटेकोर नाही, पण चूक पकडायला पुरेसा आहे. दोन फांद्या फुटल्यावर प्रत्येक फांदी खोडाइतकीच जाड राहिली असेल, तर झाड नळांच्या जोडासारखं दिसतं. फाट्याच्या पुढे प्रत्येक फांदी बारीक व्हायला हवी. आणि दोन फाट्यांच्या मधे ती जवळपास तेवढीच जाड राहते, गाजरासारखी निमुळती होत नाही.

पानांचा भार वेगवेगळ्या ढिगांत बघायचा. प्रत्येक ढीग म्हणजे वरून उजळ आणि खालून गडद असा गोळा. उजळ-गडदाची सीमा जिथे येते, तिथेच चार-सहा पानांचे आकार स्पष्ट काढा. बाकी ठिकाणी काही नको. पूर्ण उजेडात आणि पूर्ण सावलीत डोळ्याला पानं सुटी दिसतच नाहीत.

पानांतून दिसणारी आकाशाची भोकं : ती आकाशाइतकी उजळ रंगवली तर झाडावर पांढरे ठिपके मारल्यासारखी दिसतात. त्यांच्या कडेची पानं थोडा उजेड अडवतात, म्हणून भोक जितकं लहान तितकं ते आकाशापेक्षा गडद ठेवायचं. संख्या कमी, आकार असमान. आणि मोठ्या भोकातून पलीकडे जाणारी फांदी दाखवायला विसरू नका.

बुंधा जमिनीला टेकतो ती जागा निरखून बघा. मुळांकडे खोड पसरतं, गवत बुंध्यापुढे चढलेलं असतं, सावली तिथूनच सुरू होते. हे निसटलं की झाड जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, उगवल्यासारखं दिसत नाही.

टोन कुठे किती, याला अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन यांची एक सोपी मांडणी आहे. उजेड वरून येतो, म्हणून आकाश सगळ्यात उजळ, आडवी जमीन त्याखाली, उतार त्याहून गडद आणि उभी झाडं सगळ्यात गडद. बर्फ, पिकून सोनेरी झालेलं शेत असे अपवाद असतात. पण समोरचा गोंधळ सुटत नसेल तेव्हा या चार पायऱ्यांनी पाच मिनिटांत मार्ग निघतो.

हिरव्याबद्दल : ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावू नका, त्यात बर्न्ट सिएना किंवा थोडा लाल मिसळा. जवळचा हिरवा पिवळसर आणि उबदार, मधला जरा मुरलेला, लांबचा निळसर करडा. लांबच्या गडद वस्तू निळसर आणि फिक्या होतात, कारण मधली हवा निळा उजेड जास्त विखुरते. याच कारणाने लांबची पांढरी भिंत मात्र निळसर दिसत नाही, किंचित पिवळट दिसते. हे अनेकांना माहीत नसतं आणि लांबचं घर निळं रंगवलं जातं.

ओढाकाठ

पाण्याचं प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी प्रत नव्हे. पाण्यात दिसतं ते पातळीखालून वर बघितल्यासारखं. म्हणून पुलाची, वाकलेल्या फांदीची खालची बाजू प्रतिबिंबात जास्त दिसते आणि काठामागे लांब असलेलं झाड तिथे आखूड होतं किंवा दिसतच नाही. टोनमध्ये गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ, उजळ वस्तूचं थोडं गडद. ब्रशच्या ओढी आधी उभ्या द्या, ओलं असतानाच, आणि वाळल्यावर वर दोन-तीन आडव्या रेषा. आडव्या आधी दिल्या तर पाणी फरशीसारखं दिसतं.

ढगांची वही

आकाश आणि नोंदी यांवर लिहिते, कारण मूळ धाग्यातल्या आठवणींच्या मुद्द्याशी त्यांचा थेट संबंध आहे.

इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. त्या चार शब्दांमुळे तो नुसता ढग राहत नाही, एका ठरावीक सकाळचा ढग होतो.

आपल्या पानाच्या मागे काय लिहावं याचा माझा क्रम असा : तारीख, सुरुवातीची आणि संपल्याची वेळ, तोंड कोणत्या दिशेला, सूर्य कुठे (पाठीमागे, डावीकडे), वारा. मग एक आवाज, एक वास आणि चित्रात न घेतलेली एक गोष्ट. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची. 'उजवीकडे पंप सुरू होता, तारा सोडून दिल्या' असं लिहिलेलं पान उघडलं की चौकटीबाहेरचं सगळं उभं राहतं. सुंदर दृश्य, प्रसन्न वातावरण असले शब्द लिहू नयेत. ते प्रत्येक पानाला लागू पडतात, म्हणून कुठलंच पान परत आणत नाहीत.

रंगाला वेळ नसेल तर पेन्सिलीच्या चित्रावरच रंगांची नावं आणि टोनचे आकडे टाका. १ म्हणजे कागद, ५ म्हणजे सगळ्यात गडद. 'टेकडी ३, निळसर, खाली उबदार' एवढं लिहिलं तर घरी रंग भरता येतो. पण त्याच दिवशी भरा. रात्र मधे गेली की आपण समोरचा रंग विसरून सवयीचा रंग लावतो.

ढगांची रचना : कापसासारख्या ढगांचे तळ सपाट आणि जवळपास एकाच उंचीवर असतात, कारण एका ठरावीक उंचीवरच वाफेचे थेंब बनायला लागतात. म्हणून डोक्यावरचे ढग मोठे आणि त्यांचे तळ रुंद दिसतात, क्षितिजाकडे ते आखूड होत एकमेकांवर रचल्यासारखे होतात. सगळे ढग एकाच मापाचे काढले तर आकाश भिंतीवरच्या कागदासारखं उभं राहतं. ढग हलतात, त्यांच्या मागे लागू नका. एक आकार निवडा, एका मिनिटात त्याची कड बांधा, मग वर बघायचं ते फक्त टोनसाठी.

पाठ फिरवून

आठवणीवर कुणी लिहील याची वाट बघत होतो. उघड्यावर रेखाटताना स्मरणशक्तीचा वेगळा सराव करता येतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ऑरास लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना हेच शिकवत : आधी बघायचं, मनात साठवायचं, मग मूळ वस्तू समोर नसताना काढायचं. शिल्पकार रोदाँ त्यांच्याच हाताखाली शिकले.

पद्धत अशी. जागेवर तीन मिनिटं नुसतं बघा, हातात पेन्सिल नको. बघताना मनातल्या मनात शब्दांत सांगा : झाड पानाच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात, कुंपण झाडाच्या एक चतुर्थांश उंचीचं, टेकडीचा माथा झाडाच्या टोकाच्या खाली. मग पाठ फिरवून पाच मिनिटांत काढा. परत तोंड वळवा आणि चुका वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने त्याच पानावर नोंदवा. आठ-दहा वेळा केल्यावर स्वतःच्या चुकांची ठेवण दिसायला लागते. बहुतेकांच्या टेकड्या जास्त उंच होतात आणि मधली मोकळी जमीन आकसते, कारण जिथे काही नाही त्या जागेकडे आपण बघतच नाही.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दिलेल्या शब्दाचं चित्र काढणाऱ्यांना तो शब्द नुसता लिहिणाऱ्यांपेक्षा चांगला आठवला, चित्र भरभर आणि ओबडधोबड असलं तरी. म्हणजे फसलेलं पानही फाडू नये. आठवण जपायचं काम त्यानेही केलेलं असतं.

फोटो घ्यावा का, यावर मतं वेगळी आहेत. मी म्हणेन, चित्र पूर्ण झाल्यावर घ्या. आधी घेतला की मन निर्धास्त होतं आणि बघणं ढिलं पडतं. शिवाय फोन सावल्या उजळून देतो, त्यामुळे नंतर फोटो बघून दुरुस्त केलेल्या चित्रातला जागेवरचा टोन निघून जातो.

नवखी

जी जागा आता उरलेलीच नाही, लहानपणीचं घर, पाडलेली विहीर, तिचं चित्र आठवणीतून काढायचं असेल तर? काढलं की सगळं बरोबर असूनही ती जागा 'ती' वाटत नाही.

पाठ फिरवून

क्षितिजरेषा तपासा. आपण मोठेपणीच्या उंचीवरून काढतो. साधारण सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून एखाद्या मीटरवर असतात. त्या उंचीवरून सव्वा मीटरची भिंत क्षितिजाच्या वर जाते, पलीकडचं काही दिसत नाही. मोठ्या माणसाला त्याच भिंतीवरून पलीकडचं अंगण दिसतं. तुम्ही अंगण दाखवलं असेल तर ते लहान मुलाने बघितलेलंच नव्हतं.

क्रम असा ठेवा. आधी चित्र नको, नकाशा काढा : दार कुठे, विहीर कुठे, झाड कुठे. अंतरं पावलांत लिहा. मग अंगाशी ताडता येणारी मापं आठवा : कडी हाताला पुरायची का, पायरी चढताना गुडघा कुठवर यायचा, कठड्यावर हनुवटी टेकायची का. कठडा हनुवटीला लागत असेल तर क्षितिजरेषा त्याच्या जेमतेम वर येते. ती एकदा ठरली की बाकीच्या उंच्या तिच्यावरून बसवता येतात. दार त्या लहान मुलाच्या जवळपास दुप्पट उंच येऊ द्या, घाबरू नका. उजेड कुठून यायचा तेही नकाशावर बाणाने दाखवा, दुपारी कोणत्या भिंतीला सावली असायची एवढं आठवलं तरी पुरतं.

काळी शाई

आणि ही पानं जपायची तर : ओली वही बंद करू नका, पानं चिकटतात. पेन्सिलीच्या दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. फिक्सेटिव्ह (पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं तर मोकळ्या हवेत, ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात, मधे पूर्ण वाळू देऊन. एकाच जाड हाताने शिसं ओलं होऊन ओघळतं. आठवणीतून काढलेला तो नकाशा फेकू नका, चित्राच्या मागच्या पानावर चिकटवा.